जुनी डिझेल फोर-बाय-फोर जीप: पार्ट बदलण्याआधी दोष ओळखा

ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलं की बऱ्याच घरांच्या मागे, आंब्याच्या नाहीतर फणसाच्या सावलीत, एक जुनी महिंद्रा जीप उभी दिसते. कुणाच्या अब्बांनी आखातातून परत आल्यावर घेतलेली, कुणी सरकारी लिलावात उचललेली, कुणाच्या चाचांनी बागेतला माल उतरवायला ठेवलेली. एमएम ५४०, एमएम ५५०, क्लासिक, कमांडर, बोलेरो फोर-बाय-फोर, अशी नावं वेगवेगळी, पण घडण एकाच घराण्यातली. घरातल्या पोरांना ती विकवत नाही आणि चालवायला काढली की गॅरेजचं बिल परवडत नाही.

हे बिल का वाढतं, हे समजून घ्यायला हवं. या गाड्यांचं इंजिन नाजूक आहे म्हणून नाही. पैसा जातो तो दोष सापडण्याआधीच पार्ट बदलल्यामुळे. सकाळी गाडी लागत नाही, म्हणून बॅटरी नवी. तरी लागत नाही, म्हणून पंप खोलून कॅलिब्रेशनला. शेवटी दोष निघतो फिल्टरखालच्या एका तांब्याच्या वॉशरमध्ये. या लेखात तुम्हाला फिटर बनवायचं नाही. फिटरसमोर उभं राहून योग्य प्रश्न विचारता यावा, आणि जी कामं घरच्या घरी होतात ती व्हावीत, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

जाता जाता एक माहिती. ही जीप बनवणारी कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. बोनेटवरचे दोन ‘एम’ पाहताना कित्येकांना हे ठाऊक नसतं.

पुढे जे सांगितलं आहे ते यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांबद्दल आहे. म्हणजे एमएम ५४० मधलं प्यूजो डिझेल, ज्याला गॅरेजमध्ये सरळ ‘पिजो’ म्हणतात, आणि त्यानंतरची डीआय इंजिनं. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल इंजिनाचं डिझेलचं काम अगदी वेगळं. त्यात पाइपातला दाब हजार बारच्या वर असतो. चालू इंजिनावर डिझेलचा पाइप सैल करण्याची जी जुनी युक्ती पुढे येईल, ती सीआरडीईवर चुकूनही करू नका.

धूर आणि आवाज काय सांगतात

सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागे एक माणूस उभा करा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर क्लीनर पाहा, मग नोझल. पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. हीटर प्लग गेला असेल, टायमिंग हललं असेल, नाहीतर कॉम्प्रेशन कमी झालं असेल. गरम झाल्यावर तो थांबत असेल तर घाबरायचं कारण नाही, प्लग तपासा. पण गरम इंजिनातूनही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हचे सील, किंवा एक साधं कारण जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: एअर क्लीनरमध्ये ऑइल जास्त भरलेलं.

जुन्या जीपचा एअर क्लीनर ऑइलच्या भांड्याचा असतो. हवा आत येताना ऑइलवर आपटते, धूळ खाली बसते. भांड्यावर पातळीची खूण असते. धुळीच्या दिवसांत हे भांडं लवकर लवकर धुवावं, तळाशी चिखल साचलेला दिसेल. पण नवं ऑइल खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल इंजिन आत ओढतं, आणि डिझेल इंजिनाला जळायला ऑइलही चालतं. मग रेस आपोआप वाढत जाते आणि चावी किंवा स्टॉप केबल ओढूनही गाडी बंद होत नाही. अशा वेळी दूर उभं राहून ओरडण्यापेक्षा ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन गुदमरून थांबतं.

हीटर प्लगबद्दल थोडं. प्यूजोसारख्या इंजिनात सिलिंडरच्या वरच्या छोट्या खोलीत डिझेल पेटतं, ती खोली थंड असली तर पेट घेत नाही, म्हणून प्लग लागतो. डीआय इंजिनात बहुधा तो नसतोच. प्लग तपासायला मल्टीमीटर पुरतो. वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा मोजा. चांगला प्लग जेमतेम एखादा ओहम दाखवतो, गेलेला प्लग काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन गेले की थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि दोष बॅटरीवर येतो. हीटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारून सुरू करण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो धोक्याचा आहे, तापलेल्या प्लगवर ईथर भडकतं आणि पिस्टनचं नुकसान होतं.

बॅटरीकडे वळण्याआधी अर्थची पट्टी पाहा. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी ती वेणीसारखी पट्टी कोकणच्या खाऱ्या हवेत हिरवी पडते. सेल्फ मंद फिरतो. डिझेल इंजिनाला सुरू व्हायला वेग लागतो, मंद फिरवून ते पेटत नाही. काचपेपरने घासून, बोल्ट आवळून पाहा. सुरुवात याच बिनखर्चाच्या कामापासून करा.

गाडीने एअर घेतली

जुन्या डिझेलच्या तक्रारींत सर्वात जास्त वेळ आणि पैसा खाणारी तक्रार हीच. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सुरू होते, मिनिटभर चालते आणि मरते. किंवा चढावर अचानक दम सोडते. टाकीत डिझेल आहे, खाली गळतही नाही, मग काय झालं? म्हणून लोक थेट पंपावर जातात.

टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता ओढण्याचा आहे, ढकलण्याचा नाही. त्या भागात बारीक फट असली तर तिथून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही. फिल्टरच्या वाटीचं रबर, पाइपांच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर, तडकलेला रबरी पाइप, हातपंपाचा सील, टाकीतून वर येणाऱ्या नळीचा गंज, एवढ्या जागा आहेत. शोधायची सोपी रीत म्हणजे फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइपाचा तुकडा बसवायचा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे दिसले की हवा त्याच्या मागच्या बाजूने येते आहे. मग तुकडा मागे मागे सरकवत जायचं. बुडबुडे जिथे थांबतात त्याच्या पुढे दोष. अर्ध्या तासाचं काम आहे.

वॉशर तांब्याचे असले तरी प्रत्येक वेळी नवे घाला. एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि त्याची किंमत चहाच्या कपाइतकीही नसते.

हवा काढताना क्रम चुकवू नका. आधी फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारत राहा. फेस येईल, मग बुडबुड्यांचं डिझेल, मग स्वच्छ धार. धार येत असतानाच स्क्रू आवळा. त्यानंतर पंपावरचा स्क्रू, तसंच. तरीही सुरू झाली नाही तर दोन सिलिंडरच्या नोझलवरचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, तिथे डिझेल दिसलं की आवळा. नोझलमधून डिझेल शंभराहून अधिक बार दाबाने सुटतं. ती फवार हातावर आली तर कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून नोझल बाहेर काढून ‘फवारा बघू’ म्हणत हात पुढे करू नका, आणि तसं झालंच तर दुखो न दुखो, तडक हॉस्पिटलात जा.

आता ती जुनी युक्ती. इंजिन थरथरतंय, कुठला सिलिंडर कमजोर आहे हे कळत नाही. इंजिन सुरू ठेवून नोझलच्या पाइपाचा नट, वर फडकं धरून, एकेक करून सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की आवाज पडतो. ज्याचा सैल करूनही आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. मग त्या एकाच नोझलची जागा बदलून पाहा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. चारही नोझल बदलायचे पैसे इथे वाचतात.

पंप दोन तऱ्हेचे असतात. इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला स्वतःचं ऑइल असतं. रोटरी पंपाचं मात्र सगळं वंगण डिझेलच करतं, त्यामुळे डिझेलमधलं पाणी त्याला फार लवकर मारतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन जीप महिनाभर उभी राहिली की टाकीत दव धरतं. उभी करण्याआधी टाकी भरा, आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून पाणी काढा. जुने फिटर पंपाला अजूनही ‘मायको’चा पंप म्हणतात. त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण गॅरेजमध्ये ‘मायको’ टिकून आहे.

अजून एक तपासणी, फुकटची. इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल काळं असणं हा डिझेलमध्ये दोष नाही, नवं ऑइलही दोन दिवसांत काळं पडतं. पण ऑइलची पातळी वाढत असेल, पट्टीला डिझेलचा वास असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. ‘ऑइल कमी होत नाही, उलट वाढतंय, इंजिन टकाटक आहे’ असं कौतुकाने सांगणारे लोक असतात. त्यांना लगेच थांबवा. ऑइल साधारण १५डब्ल्यू-४० दर्जाचं डिझेलचं घाला आणि जीप फार चालत नसली तरी वर्षातून एकदा बदलाच, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

तापणं

घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सिलिंडर झिजतात. तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतं: विहिरीच्या पाण्याचा क्षार नळ्यांत बसलेला, बाहेरून माती आणि गवत भरलेलं, पंख्याचा पट्टा सैल. रेडिएटर आतून साफ करून घ्या आणि कूलंट स्वच्छ पाण्यात निम्मं मिसळून भरा. काटा वर गेला तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. काही इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं.

फोर-बाय-फोरचा लिव्हर

ज्यासाठी ही गाडी ठेवली तेच अंग सर्वात दुर्लक्षित असतं. कित्येक जीपमध्ये पुढचा लिव्हर वर्षानुवर्षं हललेला नसतो, आणि ज्या दिवशी चिखलात अडकतात त्या दिवशी तो जाम निघतो. महिन्यातून एकदा कच्च्या, ओल्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोर-व्हील टाकून चालवा. पुढच्या अॅक्सलचं ऑइल फिरतं, सील ओले राहतात.

पण कोरड्या डांबरावर नको. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा लांबचं अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट लिव्हर टाकला की एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये फरक सोसणारं काही नसतं. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून तो फरक भागवतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग तो ताण शाफ्टात साठतो. स्टिअरिंग जड होतं, टायर किंचाळतात, लिव्हर मागे येत नाही, शेवटी क्रॉस जॉइंट तुटतो. लिव्हर अडकलाच तर जोर लावू नका. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटला की तो सहज निघतो.

याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत लावून फोर-व्हील टाकणं म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गाडी स्वतःशीच भांडते.

यापेक्षा मोठा घोटाळा जुन्या बाजारातून डिफरन्शियल आणताना होतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय, आपल्या जिल्ह्याच्या भंगारवाल्याकडे काय, ‘महिंद्राचंच आहे’ म्हणून जे मिळतं त्याचा रेशो वेगळा असू शकतो. मागचा एक आणि पुढचा दुसरा रेशो बसला तर टू-व्हीलमध्ये काहीच कळत नाही, फोर-व्हील टाकताच काहीतरी मोडतं. रेशो मोजायला पुस्तक लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, लिव्हर टू-व्हीलवर, दुसऱ्या अॅक्सलच्या चाकांना दगड, आणि ज्याचा रेशो काढायचा त्या अॅक्सलचं एकच चाक घोडीवर उचललेलं. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तोच रेशो. पुढे आणि मागे आकडा जुळला पाहिजे.

ऑइल तीन-चार ठिकाणी वेगवेगळं असतं: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा आणि मागचा अॅक्सल. अॅक्सलला साधारण ईपी ९०. गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, कारण अॅक्सलसाठीचं जीएल-५ ऑइल पितळी रिंगांना मानवत नाही. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधला सील झिजला की एकाचं ऑइल दुसऱ्यात जातं. बाहेर थेंब नाही, पण एक कोरडं आणि दुसरं तुडुंब. म्हणून पातळी दोन्हीकडे पाहा. ग्रीस गन घरात ठेवा. क्रॉस जॉइंट, शाफ्टचा सरकता जोड, पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे जोड, जिथे निपल दिसेल तिथे महिन्यातून एकदा, आणि पाण्यातून गेल्यावर त्याच दिवशी.

ब्रेक: इथे काटकसर नको

आंबा घाट असो, कुंभार्ली असो की वरंधा, मागच्या सीटवर अम्मी, दादी आणि पोरं बसलेली असतात. इंजिन बंद पडलं तर घरी उशीर होईल. ब्रेकचं तसं नाही.

जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रम असतात, आणि कित्येकींचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढच्या काळात दोन सर्किटचा आला. तुमच्या गाडीत कुठला आहे हे फिटरला पहिल्या भेटीतच विचारा.

पेडल काय सांगतं ते ओळखायला शिका. पाय ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टरचे रबर गेले. पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं तर शू सेट करायला हवेत. स्पंजासारखं लागलं तर हवा आहे, ती मास्टरपासून सर्वात लांबच्या चाकाकडून काढायला सुरुवात करतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर विरुद्ध बाजूच्या चाकात शू तेलकट असेल किंवा सिलिंडर जाम असेल. पेडल अचानक दगडासारखं कडक झालं तर व्हॅक्यूम पंप पाहा. ज्या जीपला बूस्टर आहे त्यात हा पंप बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो, आणि इंजिन बंद करून उतारावर सोडलेल्या गाडीत तो काम करत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

तेलकट शूवरून, दोष ओळखणं म्हणजे काय याचं चांगलं उदाहरण मिळतं. मागचा ब्रेक कमी लागतो. खोललं तर शू ऑइलने भिजलेले. नवे शू बसवतात, दोन महिन्यांत पुन्हा भिजतात. मग अॅक्सलचा सील बदलतात, तोही गळतो. मूळ दोष असतो अॅक्सलवरच्या बोटाएवढ्या ब्रीदरमध्ये. तो चिखलाने बुजला की चालताना तापलेल्या ऑइलची वाफ कोंडते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, तिथून ते थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून पाहा. त्यानंतर सील आणि शू बदला. उलट क्रमाने केलं तर तेच काम पुन्हा करावं लागेल.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. मॅन्युअलप्रमाणे डॉट ३ घाला. रस्त्यात कमी पडलं म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतू नका, सगळे रबर फुगतात आणि पूर्ण सिस्टम उघडावी लागते.

आता सर्वात महत्त्वाचं, जे जीपखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. कित्येक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. तो शाफ्ट धरतो, चाकं नाही. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढे सरकते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. शाफ्ट काढला तर हँडब्रेक उरतच नाही. म्हणून जॅक लावण्याआधी जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, घोडी लावा, आणि फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, पोरांना तर अजिबात जाऊ देऊ नका.

पाण्यातून गेल्यावर, पुरानंतर

२०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर पहिली इच्छा होते ती सेल्फ मारून पाहायची. ती मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा. नोझल किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन्ही अॅक्सल, सगळ्यांचं ऑइल काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. टाकी रिकामी करा, डिझेल फिल्टर बदला, ब्रेकचे ड्रम उघडून धुवा. जुन्या यांत्रिक जीपला कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे एवढं केलं की ती पुन्हा उभी राहते. नव्या गाड्यांना ही सोय नाही.

नुसता ओढा ओलांडला तरी नियम तोच. तापलेला अॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. त्या आठवड्यात अॅक्सलचं ऑइल पाहा.

उस्ताद, शागिर्द आणि खरेदी-विक्री

मुंबई असो की औरंगाबाद, मालेगाव की रत्नागिरी, गॅरेज लाइनमध्ये आपली माणसं खूप आहेत. पण यांत्रिक पंप कानाने ओळखणारे उस्ताद आता साठीच्या पुढे गेले आणि नव्या पोराला स्कॅनर जोडल्याशिवाय दोष सांगता येत नाही. जीप स्कॅनरला उत्तर देत नाही. तुमच्या गावात असा उस्ताद असेल तर घरातल्या आयटीआय करणाऱ्या मुलाला सुट्टीत त्याच्याकडे पाठवा. जुन्या गाड्या हौसेने नीट करून घेणारे लोक पुण्या-मुंबईत बरेच आहेत, या कामाला मागणी आहे.

जीप घेताना थंड इंजिनावर सुरू करून दाखवा म्हणावं. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. रबरी मॅट उचलून तळ पाहा, खाऱ्या हवेत चॅसी आतून खाल्ली जाते आणि वरून रंग ताजा असतो. विकणाऱ्याने हेड वाकलेलं आहे, चॅसीला वेल्डिंग आहे, हे स्वतःहून सांगावं. ऐब झाकून विकलेल्या मालाची कमाई आपल्या दीनमध्ये कशी समजली जाते हे आलिमांना विचारायची गरज नाही. ‘विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही’ ही सबब इथे चालत नाही.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. दहा वर्षांच्या डिझेलबंदीची जी बातमी मोबाइलवर फिरते ती दिल्ली आणि आसपासच्या भागाची आहे. इंजिन बदललं असेल तर नवा नंबर आरसी बुकावर चढवून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ घडणीत मनाने बदल करता येत नाही, त्यामुळे छत कापून, रुंद टायर लावून सजवलेली जीप तपासणीत अडकते. तपासणीला नेण्याआधी हँडब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर आणि धूर एवढं एकदा घरीच पाहून घ्या. नोझल आणि एअर क्लीनर साफ असले तर धुराची अडचण बहुधा येत नाही.